पत्र्याच्या पेटीतून भिंतीवर: जिल्ह्यातल्या सगळ्या समाजांचा इतिहास प्रदर्शनात कसा मांडावा

आमचं पहिलं प्रदर्शन दहा टेबलांचं होतं. कोळी, आगरी, कातकरी, बेने इस्राएल (कोकणातले यहुदी), सिद्दी (आफ्रिकी वंशाचे), कोकणी मुसलमान असं करत एकेका समाजाला एकेक टेबल. पाट्या सुबक, उद्घाटनाला गर्दी, चहा वेळेवर. आणि मग दोन दिवस आम्ही एकच दृश्य पाहत बसलो. माणसं दारातून आत येत, सरळ आपल्या टेबलापाशी जात, आजोबांच्या फोटोसोबत सेल्फी काढत आणि निघून जात. शेजारच्या टेबलाकडे मान वळवणारे मोजकेच. आम्ही जिल्ह्याचा इतिहास नाही, समाजांची हजेरी मांडली होती.

पुढच्या खेपेला टेबलं मोडली. त्यानंतर जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं रायगड जिल्ह्याची आहेत (१९८१ पर्यंतचा कुलाबा), कारण पायाखालची जमीन तीच आहे. तुमचा जिल्हा वेगळा असेल तर नावं बदला, पायऱ्या बहुतेक त्याच राहतील.

आधी जमवाजमव

- एक जाड वही. कोण भेटलं, काय दाखवलं, परत कधी बोलावलं, सगळं हिच्यात. फोनमधल्या नोंदी हरवतात.
- फ्लॅटबेड स्कॅनर, विकतचा नाहीतर उसना, आणि स्टँडसह एक बरा फोन.
- दोन हार्ड डिस्क. एक नव्हे, दोन.
- छापील संमतीपत्रं आणि कार्बन कॉपी निघणारं पावतीपुस्तक.
- पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं, मऊ शिसपेन्सिल, सुती हातमोजे, सिलिका जेलच्या पुड्या.
- ग्रामपंचायतीचं किंवा वाचनालयाचं ओळखपत्र. अनोळखी माणसाला कोणी पेटी उघडून दाखवत नाही, आणि दाखवूही नये.
- मोडी वाचणारं एक माणूस. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तिथे शिकून आलेलं कोणी ना कोणी तालुक्यात सापडतं.

१. समाज निवडू नका, वस्तू निवडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. प्रदर्शनाचा विषय असा हवा की त्यात एकापेक्षा जास्त समाजांचे हात लागलेले असतील. आम्ही तेल, मीठ, लाकूड आणि पाणी असे चार विषय घेतले.

तेलाचंच पाहा. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांनी कोकणातल्या गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आता टेबल ‘बेने इस्राएल’ न ठेवता ‘तेल’ ठेवलं की प्रश्न आपोआप सुटे होतात. घाणा कोणत्या सुताराने घडवला? बैल कोणाचा? नारळ आणि तीळ कुठून यायचे? देवळातल्या समईत कोणाच्या घाण्याचं तेल जळायचं? एका वस्तूभोवती अर्धं गाव उभं राहतं.

मिठाचंही तसंच. आगर पिकवणारे आगरी, मासळी खारवायला मीठ नेणाऱ्या कोळणी, गलबतातून वाहतूक करणारे तांडेल. लाकडाच्या टेबलावर खैरापासून कात काढणारे कातकरी (नावच त्यावरून पडलं), होड्या बांधणारे मिस्त्री आणि २५ सप्टेंबर १९३० चा उरण तालुक्यातला चिरनेरचा जंगल सत्याग्रह शेजारी आले. पाण्याच्या टेबलावर एका बाजूला खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध होते आणि दुसऱ्या बाजूला महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं ‘दलित समाज’ अशा पाटीखाली एका कोपऱ्यात टाकायचं की ‘पाणी कोणाचं’ या प्रश्नाच्या मधोमध ठेवायचं? आम्ही दुसरं केलं. त्या फलकापुढे लोक सर्वांत जास्त वेळ थांबले.

धोका: विषय फार मोठा घेऊ नका. ‘आमची संस्कृती’ हा विषय नाही, आमंत्रणपत्रिकेवरचं वाक्य आहे.

२. प्रत्येकाचं वर्ष वेगळं असतं

तारीख ठरवायच्या आधी कागदावर बारा महिने आखा आणि कोण कधी गावात असतं ते भरा.

पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते. कोळी जाळी विणत घरी असतात, बोलायला निवांत असतात. कातकऱ्यांची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत प्रदर्शन भरवून ‘कातकरी आलेच नाहीत’ अशी तक्रार आम्ही एकदा केली. चूक आमची होती. चाकरमानी गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. रमजानमध्ये संध्याकाळची वेळ ठेवू नका, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी बेने इस्राएलांना बोलावू नका.

सगळ्यांना सोयीची एक तारीख निघत नाही. आम्ही माहिती पावसाळ्यात गोळा केली, प्रदर्शन दिवाळीच्या आधल्या पंधरवड्यात ठेवलं आणि मे महिन्यात तेच फलक दुसऱ्या गावात पुन्हा लावले.

३. कागद कुठे शोधायचे

आधी जिल्ह्याच्या सीमा कशा हलल्या ते समजून घ्या, नाहीतर महिने वाया जातात. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानात होता आणि १९४८ ला विलीन झाला. अलिबागच्या बाजूला आंग्र्यांचं कुलाबा संस्थान होतं, ते १८४० च्या सुमारास इंग्रजांकडे गेलं. पनवेल, उरण, कर्जत आधी ठाणे जिल्ह्यात होते. म्हणून १८८३ च्या गॅझेटियरच्या (इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाच्या) कुलाबा-जंजिरा खंडात पनवेल सविस्तर सापडत नाही. त्यासाठी ठाण्याचे खंड उघडावे लागतात. आमच्यातल्या एका उत्साही पोराने दोन आठवडे चुकीचा खंड चाळला होता.

त्याशिवाय:

- शाळेचं जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारण. पाहायला मुख्याध्यापकांची परवानगी लागते, आणि त्यातली जातीची नोंद कोणाच्या नावासह भिंतीवर लावायची नाही.
- तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष: जुने सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी.
- मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि पुण्याचं पेशवे दप्तर. अर्ज, ओळखपत्र आणि भरपूर धीर घेऊन जा.
- कबरस्तानं, दफनभूमी, देवळांच्या पायऱ्या, विहिरींचे कठडे. दगडावरची अक्षरं फोटोत उठत नसतील तर सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा. तिरप्या उन्हात दिसतात. खडू, पीठ, हळद चोळू नका.

गॅझेटियरबद्दल एक सूचना. त्यातली समाजांची वर्णनं साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेली आहेत, आणि आदिवासींबद्दल तर कित्येक ठिकाणी सरळ तुच्छतेने. तारखा, बाजार, बंदरं यांसाठी वापरा. ‘स्वभाव’ सांगणारी वाक्यं उचलून फलकावर लावू नका. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे, त्यांची पणतवंडं ते वाचायला येणार आहेत.

४. घरात शिरताना

‘तुमच्या समाजाचा इतिहास सांगा’ असं विचारलं की समोरचा माणूस एकतर गप्प बसतो किंवा भाषण करतो. त्यापेक्षा ‘आजी, घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती?’ असं विचारा. नाहीतर ‘तुमच्या लग्नात मांडव कोणी घातला होता?’ मांडवापासून सुरुवात झाली की वाजंत्री, कासार, सुतार, उधारीचा वाणी, सगळे येतात.

जुना फोटो नसला तरी घर रिकामं नसतं. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरीच्या पावत्या, बोटीवरच्या नोकरीची नली (खलाशाची नोंदवही), रेशनकार्ड, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, दुबईहून आलेली पत्रं. कोकणी मुसलमानांच्या एका घरात केपटाऊनहून आलेली पत्रं निघाली. घरच्यांना ती ‘उगाच ठेवलेली’ वाटत होती.

घाई मात्र करा. निसर्ग वादळ (३ जून २०२०) आलं तेव्हा श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत पत्रे उडाले, आणि पत्र्यांखालच्या पेट्या भिजल्या. महाडच्या पुरांनी किती घरांचे कागद नेले याला गणती नाही. जे वाचलंय ते या पावसाळ्याआधी स्कॅन झालेलं बरं.

मुलाखत ध्वनिमुद्रित करताना पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. बोली सुधारू नका. कोर्लईच्या ख्रिश्चन वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली ‘नौ लिंग’ नावाची भाषा बोलतात, बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. तिचं मराठी भाषांतर फलकावर लावून काय साधणार? एक हेडफोन ठेवा आणि माणसांना ती ऐकू द्या.

शब्दही त्यांचेच ठेवा. मुंबईतलं १७९६ चं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग समाजात ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा ठिकाणी ‘चूक’ दुरुस्त करणारा संपादक सर्वांत घातक.

५. संमती आणि पावती

संमतीपत्रात तीन वेगळ्या चौकटी ठेवा: प्रदर्शनात लावायला हरकत नाही, पुस्तिकेत किंवा वर्तमानपत्रात छापायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही. पहिलीवर बहुतेक जण खूण करतात, तिसरीवर पुष्कळ जण थांबतात. थांबू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि ते वाचून दाखवणं ध्वनिमुद्रित करा.

फोटोचा मालक आणि स्वामित्वहक्काचा मालक एकच असतो असं नाही. छायाचित्राचा हक्क आपल्याकडे २०१२ पासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्याआधीचा नियम प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा होता. गावातल्या स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो असेल तर त्याचं नाव फलकावर घाला आणि तो दुकानात बसत असेल तर जाऊन विचारा. आम्हाला कोणी नाही म्हटलं नाही. उलट एकाने जुन्या निगेटिव्हचे डबे काढून दिले.

मूळ वस्तू शक्यतो घेऊच नका. स्कॅन करा आणि तिथेच परत द्या. घ्यावीच लागली तर पावतीवर फोटो चिकटवा, कुठे चीर आहे, कुठे डाग आहे ते लिहा, दोघांच्या सह्या घ्या. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका पितळी दिव्याला ‘आधी पोचा नव्हता’ असं मालकांचं म्हणणं पडलं. होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. त्या घरी आता मी चहाला जात नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी, शस्त्रं वगैरे आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, आणि मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी लागते. आणि कोणी ‘शेतात नांगरताना हंडा मिळाला’ म्हणत नाणी आणली तर ती प्रदर्शनात ठेवू नका. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, ते त्याला सांगा.

६. स्कॅनिंग

छोटे फोटो ६०० डीपीआय, कागदपत्रं ३०० पुरे. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, बहुतेक वेळा नाव-तारीख तिथेच असते. फाइलला तालुका-गाव-घर-क्रमांक असं नाव द्या. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटलेला कागद पाकिटात घालून द्या, घरच्यांना पाकीटही ठेवू द्या.

७. फलक लिहिणं

एका फलकावर ऐंशी ते शंभर शब्द. त्याहून जास्त कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचत नाही.

दोन गोष्टी सांगितल्या जात असतील तर दोन्ही लिहा. अलिबाग नाव कुठून आलं? कोणी सांगतात, अली नावाच्या एका श्रीमंत मुसलमानाच्या बागांवरून. कोणी सांगतात, तो अली बेने इस्राएल होता. निकाल देणं आपलं काम नाही. ‘परंपरा सांगते’, ‘कागदात नोंद आहे’ आणि ‘आजींनी सांगितलं’ या तीन गोष्टी मात्र वेगवेगळ्या रंगात छापा. हा साधा उपाय आम्हाला फार कामी आला, कारण भांडायला आलेला माणूस आधी रंग पाहून शांत होतो.

खरी कसोटी लागते ती जिथे दोन्ही बाजूंचे वंशज एकाच रांगेत उभे असतात तिथे. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप जवळपास सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसायला नकार दिला. कुळांची नातवंडं इथेच आहेत, खोतांचीही. दोघांना आवडेल असं गुळगुळीत लिहायचा मोह होतो. तो टाळा. खंड किती द्यावा लागे, उपासमारीत काय खाल्लं, संप कसा मिटला ते सरळ लिहा. शिव्या घालू नका आणि लपवूही नका. सिद्दींबद्दलही तेच. शाळेत आपण ‘जंजिऱ्याचा सिद्दी’ म्हणजे शत्रू एवढंच शिकतो. पण मुरूडच्या कित्येक घरांत नबाबाच्या चाकरीचे कागद आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. मुरूडजवळच्या खोकरीच्या सिद्दी कबरींचा फोटो लावताना हे डोक्यात असू द्या.

‘जुने समाज’ म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचेच असंही नाही. उरण-पनवेलमध्ये १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या जमीन आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. ते पाहिलेली माणसं आज सांगायला आहेत. आणि बंदर, कारखाने, नव्या वसाहतींमुळे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांचीही इथे दुसरी पिढी शाळेत जाते. त्यांना प्रदर्शनात फक्त मांडववाले म्हणून बोलावू नका.

लिहून झालेला प्रत्येक फलक ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघा-तिघांना छपाईआधी वाचून दाखवा. एका फलकावर आम्ही ‘ठाकर’ आणि ‘ठाकूर’ यांचा घोळ केला होता. कर्जतच्या एका आजीने ऐकताक्षणी पकडला.

८. छपाई

इथे मराठी माणसाचा खास छळ होतो. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता, छापखान्यातल्या संगणकावर जुना फॉन्ट असतो, आणि ‘श्रीवर्धन’चं जे होतं ते पाहवत नाही. जोडाक्षरं सुटतात, रफार उडतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. उपाय असे:

१. फाइल पीडीएफमध्येच द्या, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टवर न विसंबता त्यांची चित्रासारखी आकृती करून).
२. एका फलकाचा नमुना खऱ्या आकारात छापून घ्या आणि मोठ्याने वाचा.
३. ‘तुम्ही जा, आम्ही टाइप करून घेतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून हलू नका.

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण चमकतो, सुरकुततो आणि निवडणुकीच्या बॅनरसारखा दिसतो. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ फळीवर) मॅट लॅमिनेशन करून घ्या, ट्यूबलाइटचा उजेड अक्षरांवर परावर्तित होत नाही. मजकूर किमान ३० पॉइंट, ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकतात.

९. जागा आणि मांडणी

देऊळ, मशीद, सिनेगॉग, समाजमंदिर ही ठिकाणं एका समाजाची असतात, तिथे दुसरे बिचकतात. जिल्हा परिषदेची शाळा किंवा सार्वजनिक वाचनालय उत्तम. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांची लेखी परवानगी घ्या. किल्ल्यात भरवायची हौस सगळ्यांनाच येते, पण कुलाबा आणि जंजिरा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे साधा बॅनरही नाही.

फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटरवर ठेवा. मुलांसाठी खाली वेगळी पट्टी. जुने कागद आणि कापड खिडकीसमोर नको, दिवा मंद. पश्चिमेकडच्या भिंतीला कोकणात ओल असते, तिथे फक्त सनबोर्ड. दाराजवळ एक रिकामी पाटी आणि पेन्सिली ठेवा, वर लिहा: ‘इथे काय राहिलं?’ आमच्या पुढच्या प्रदर्शनाचा अर्धा मजकूर त्या पाटीवरून आला.

उद्घाटनाला पुढारी बोलवायचाच असेल तर भाषण दहा मिनिटांचं, आणि फीत ज्यांच्या पेटीतून वस्तू आल्या त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंच्या हस्ते.

१०. आवरताना

शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि वस्तू हरवतात त्या तेव्हाच. पावतीपुस्तक समोर ठेवून एकेक वस्तू परत करा, पावतीवर ‘मिळाली’ अशी सही घ्या. स्कॅनची छापील प्रत प्रत्येक घराला द्या, पेन ड्राइव्ह नव्हे, कागदावर. एक पूर्ण संच वाचनालयात आणि एक शाळेत.

वस्तू परत करायला स्वतः जा आणि वही बरोबर न्या. नवगावच्या बाजूच्या एका घरी मी असाच स्कॅन केलेला फोटो परत द्यायला गेलो. काकूंनी तो बघितला, पालथा केला, मागची तारीख वाचली आणि म्हणाल्या, ‘थांबा, हिच्या बहिणीचा पण आहे,’ आणि माळ्यावर चढायला शिडी मागितली.